वहिनीच्या हाताला चैन नाही

माझ्या वहिनीला स्वस्थ बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे. बसते म्हणजे नुसती टेकते. चहाचा कप हातात आणि डोळे खोलीभर फिरत असतात. कुठे काय वाकडं पडलंय, कुणाचं काय राहिलंय, एवढंच बघणं चालू. दोन घोट होतात न होतात तोच उठते, मी घडी घालून ठेवलेला टॉवेल उचलते, झटकते, पुन्हा घडी घालते आणि होता तिथेच ठेवून देते. तोंडातून शब्द नाही. लग्न होऊन आली तेव्हा मला याचा असा काही संताप यायचा! अगं, मी काय चुरगळून फेकला होता का? तर हसून म्हणायची, छानच होती हो तुमची घडी, माझ्याच हाताला चैन नाही.

पुढे आमचं 'अहो-जाहो' गेलं, ती मला नावं ठेवेना आणि मी तिला ठेवल्याशिवाय राहीना, अशी आमची नणंद-भावजयीची घडी बसली. पण टॉवेल ती अजून उलगडते.

माझा भाऊ लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असतो. दिवसभर लोकांच्या इमारती चढ-उतार करतो आणि घरी आला की साधा खिळासुद्धा ठोकत नाही. ठोकून उपयोग काय, म्हणतो, पाठ वळली की ही काढणार आणि पुन्हा ठोकणार. आणि हे सांगताना त्याला कौतुक वाटतं, लाज नाही! भाचीचं तर विचारूच नका. शाळेत कागदाचं घर करून न्यायचं होतं. पोरीने अर्धं केलं, तिरपं झालं, झोपायला गेली. सकाळी उठून बघते तो घर सरळ, छपराला कौलं, खिडकीला पडदे. पोर नाचत शाळेत गेली आणि डोळे पुसत परत आली. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आता इथे बसून दुसरं करून दाखव. तिला छप्पर दुमडताच येईना. त्या दिवशी मी वहिनीला चांगलं फैलावर घेतलं. ती ऐकून घेत होती आणि ऐकता ऐकता ओट्यावरचे डबे उंचीप्रमाणे लावत होती.

हे सगळं घरातलं म्हणून सोडून दिलं असतं. पण आम्ही दोघी कामालाही एकाच ठिकाणी. आमची लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. मोठी पत्र्याची शेड आहे, आणि शहरातल्या दवाखान्यांचे कपडे तिथे धुतले जातात. चादरी, अभ्रे, टॉवेल, रुग्णांचे झगे. एका दाराने घाण कपडा आत येतो, मोठमोठ्या मशिनींतून, ड्रायरमधून फिरतो, मग तपासणीच्या टेबलावर येतो, तिथून घडीला, घडीहून पॅकिंगला आणि दुसऱ्या दाराने बाहेर. आत दमट उकाडा, मशिनींची घरघर, एकमेकींशी बोलायचं तर ओरडूनच बोलायचं. मी पॅकिंगला आहे. माझा आवाज मोठा का, असं लोक विचारतात, त्याचं हे उत्तर. आणि तपासणीपासून पॅकिंगपर्यंतची सुपरवायझर म्हणजे आमची वहिनी. घरी काय कमी छळते म्हणून नशिबाने इथेही तीच डोक्यावर बसवली.

तपासणीच्या टेबलावर मावशी. कुणाची सख्खी मावशी नाही, सगळ्यांची मावशी. त्या टेबलाला वरून दुधी काच असते आणि काचेखाली दिवा. चादर त्यावरून ओढत न्यायची. डाग असेल, भोक असेल, कापड विरलं असेल तर उजेडात दिसतं. चांगली इकडे, डागाची तिकडे, फाटकी खाली टोपलीत. सोपं वाटतं, पण चादर थांबवायची नाही, हात चालू ठेवून नजर फिरवायची, ही सवय अंगात यायला वेळ लागतो. मावशीच्या अंगात ती श्वासासारखी होती. एकटी बाई, मागेपुढे कुणी नाही, एका खोलीत राहते, कुणाचा एक चमचा उसना घेत नाही. मला कुणी पोसायची वेळ येऊ नये, एवढंच तिचं देवाकडे मागणं. नोकरी होती म्हणून तिची मान ताठ होती.

वहिनीला काम तिनेच शिकवलं. वहिनी नवीन लागली तेव्हा तिने पहिल्याच दिवशी डागाच्या चादरी चांगल्या ढिगात टाकल्या होत्या. मावशी सगळ्या शेडला ऐकू जाईल अशी ओरडली होती, "डोळे घरी ठेवून आलीस का?" वहिनी रडकुंडीला आली. मग मावशी तिच्या मागे उभी राहिली, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि चादर कशी ओढायची ते दाखवलं. त्यानंतर बरेच दिवस मावशी ओरडत होती आणि वहिनी शिकत होती. अजून कुणी नवीन आलं की वहिनी हा किस्सा सांगते आणि सांगताना तिचा चेहरा असा होतो, जणू कुणी तिला बक्षीस दिलं होतं.

आता खरी गोष्ट. मावशीच्या हातून डाग सुटायला लागले. आधी एखादा, मग बरेच. दवाखान्यात पोचायच्या आत ते वहिनीने पकडले, कारण वहिनीला प्रत्येक ढीग पुन्हा उचकायची खोडच. तिने कुणाला सांगितलं? छे! ती शिफ्टच्या आधी येऊ लागली. मावशीने आदल्या दिवशी पास केलेल्या चादरी स्वतः काचेवरून ओढायची, डागाच्या बाजूला काढून गुपचूप धुवायला परत पाठवायची. मावशी म्हणाली दिवा बारीक वाटतो, तर हिने लगेच वायरमनकडून दिवा बदलून घेतला. मावशी डाव्या बाजूच्या ट्रॉल्यांना धडकायला लागली. आम्ही चेष्टा करायचो, मावशी, ट्रॉलीशी काय जुनं भांडण आहे का? वहिनीने ट्रॉल्या उजव्या बाजूला लावायला सांगितल्या. मावशीला काही कळू नये म्हणून तिने अख्खी शेड फिरवली, आणि मावशीला काहीच कळलं नाही.

मला कळलं, कारण सकाळी मला घरी चहा एकटीने प्यावा लागायला लागला. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं. मी म्हटलं, सांग तिला. ती म्हणाली, काय सांगू? मी म्हटलं, हेच, की डाग सुटतायत. तर म्हणे, तिला काय वाटेल? जिने मला शिकवलं तिला मी कोणत्या तोंडाने सांगू? मी म्हटलं, याच तोंडाने, दुसरं कुठून आणणार आहेस? पण ती मूग गिळून बसली. दिसेल तो डाग आपण काढायचा आणि पुढे जायचं, एवढंच तिला येतं. आणि असं करता करता दोन उन्हाळे गेले.

मग ते अंगाशी आलं. तेही असं उफराटं, की हसावं का कपाळ बडवावं ते कळेना.

मॅनेजरसाहेब चांगला माणूस आहे, पण कायम फोनवर. आम्ही त्याला 'एक मिनिट' म्हणतो, कारण आमच्याशी बोलताना तो तेवढंच म्हणतो आणि बोट वर करून निघून जातो. तर हा 'एक मिनिट' एके दिवशी फोन खिशात ठेवून शेडमध्ये आला. पलीकडच्या इमारतीत नवीन विभाग सुरू होणार होता, ऑपरेशनच्या कपड्यांचा. डॉक्टरांचे झगे आणि रुग्णाच्या उघड्या पोटावर अंथरायची ती हिरवी फडकी. त्यात सुईएवढं भोक राहिलं तरी जंतू आत जातो आणि माणसाच्या जिवावर बेततं. तिथे तपासणीला सगळ्यात पक्का माणूस हवा. साहेबाने बघितलं, की सगळ्या टेबलांत मावशीच्या टेबलाची एकही तक्रार नाही. एकही कपडा परत आलेला नाही. मावशी, पुढच्या महिन्यापासून तुम्ही तिकडे, असं तो म्हणाला. वर पगारही वाढणार होता.

आम्ही टाळ्या वाजवल्या. म्हणजे बाकीच्यांनी वाजवल्या, मी वहिनीकडे बघत होते. तिचा चेहरा धुतलेल्या अभ्र्यासारखा पांढरा. हात मात्र चालूच, समोरच्या घड्या सारख्या करत होते.

मावशी त्या दिवसापासून तरुण झाली. येईल जाईल त्याला सांगायची. तिकडे थंड हवा आहे म्हणे, बसायला उंच स्टूल आहे म्हणे. या वयात मला निवडलं, बघा! मधल्या सुट्टीत वहिनीला जवळ बसवून म्हणाली, तू माझी शिष्या आणि तुझ्या हाताखाली माझं नाव झालं. वहिनी उठून पाणी आणायला गेली आणि आलीच नाही.

घरी तर तिने उच्छाद मांडला. कपाट लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. भाचीच्या वह्यांना कव्हरं घातलेली होती, ती काढून नवी घातली. भाऊ म्हणाला, हिला ताप आलाय का बघ. मी म्हटलं, ताप नाही, अक्कल यायला लागलीय. नवीन इमारतीत सुपरवायझर वेगळा, दारं बंद, आत जायचं तर टोपी-मास्क घालून. वहिनीला सकाळी लवकर जाऊन तिथली फडकी उचकता येणार नव्हती. मावशीच्या डोळ्यांखालून जे सुटेल ते थेट ऑपरेशनच्या टेबलावर जाणार होतं. हे तिला कळत होतं, मला कळत होतं, आणि मावशी नवीन चपला घेऊन आली होती.

त्याच सुमारास मुख्य ऑफिसने एक बाई पाठवली. सुपरवायझर लोक कामगारांशी नीट बोलत नाहीत, एक तर खेकसतात नाहीतर गप्प बसतात, तर त्यांना शिकवायला. शिकवायला वेगळी खोली नव्हती म्हणून आमच्या पॅकिंगमध्येच खुर्च्या मांडल्या. मी मागे खोक्यांना टेप लावत होते. बाईच्या हातात कायम मार्कर, बोलता बोलता टोपण लावते आणि काढते, म्हणून मी तिला मार्करबाई म्हणायला लागले. मला वाटलं, आता ही गोड गोड बोलणार आणि चहा पिऊन जाणार. पण बाई तशी नव्हती. ती म्हणाली, चूक दिसली की लवकर सांगा, शिळी करून सांगू नका. माणसाला नावं ठेवू नका, काय दिसलं ते सांगा. कपडा दाखवा. आणि सांगून झालं की तोंड बंद ठेवा, कारण आता बोलायची पाळी समोरच्याची. मग जोडीजोडीने सराव करायला लावला.

वहिनीच्या वाट्याला प्रेसवाले काका आले. काकांनी मुद्दाम चुरगळलेला अभ्रा समोर ठेवायचा आणि हिने त्यांना सांगायचं, एवढंच. ही बाई काय करते? अभ्रा उचलला, मांडीवर घेतला, हाताने सपाट केला आणि काकांना परत दिला. सगळे हसले. काका म्हणाले, बघा, माझं काम झालं. मार्करबाई हसली नाही. पुन्हा करा, म्हणाली. हिने पुन्हा तेच केलं, या वेळी नकळत.

मग बाईने एकेकाला विचारलं, तुमच्या हाताखाली काळजी वाटावी असं कुणी आहे का? वहिनी म्हणाली, नाही, सगळे चांगले आहेत. माझ्या हातून टेपचं रीळ पडलं. पडलं म्हणजे मी जरा जोरातच ठेवलं.

सगळे गेले, मी खोक्यांपाशीच होते. वहिनी मागे राहिली आणि खुर्च्या रांगेत लावायला लागली. लावून झाल्यावर पुन्हा लावायला लागली. मार्करबाई पिशवी भरत होती. तिने पिशवी खाली ठेवली आणि एका खुर्चीवर बसली, म्हणजे आता ती खुर्ची हलवता येईना. काय झालंय, असं तिने विचारलं. आणि काय सांगू, इतक्या दिवसांचं सगळं भडाभडा बाहेर आलं. दिवा, ट्रॉल्या, सकाळचे ढीग, हिरवी फडकी, सगळं. वहिनी रडत नव्हती, नुसती बोलत होती आणि ओढणीचं टोक दुमडत होती, उलगडत होती.

बाईने सगळं ऐकलं. मला वाटलं, आता पाठीवरून हात फिरवील. ती म्हणाली, "तुम्ही इतके दिवस तिचं काम केलंत. तुमचं काम तसंच राहिलंय."

वहिनी म्हणाली, तिला धक्का बसेल हो. बाई म्हणाली, बसेल. मग मार्करचं टोपण लावलं आणि गेली.

त्यानंतरचे दिवस मी असे काढले, की देवाने ते कुणाला देऊ नयेत. वहिनी रोज सकाळी ठरवून निघायची, आज सांगते. आणि रोज काहीतरी भलतंच करून यायची. एकदा सांगायला गेली आणि मावशीला चहा देऊन आली. एकदा गेली आणि तिच्या टेबलाची काच पुसून आली. एकदा तर तिच्या नव्या चपलांचं कौतुक करून आली! मी म्हटलं, तुझ्याने होत नसेल तर मी सांगते, माझ्या जिभेला काही हाड नाही. तेव्हा पहिल्यांदा ती माझ्यावर चिडली. म्हणाली, "नाही. तिने मला तोंडावर सांगितलं होतं. तिला मीच सांगणार."

दुसऱ्या दिवशी ती लवकर गेली नाही. माझ्याबरोबर चहा प्यायली, पूर्ण कप.

मावशीने आदल्या दिवशी पास केलेला ढीग तसाच होता, कुणी न उचकलेला. वहिनीने मावशीला टेबलापाशी बोलावलं आणि त्या ढिगातल्या चादरी एकेक काचेवरून ओढल्या. एक चादर आली तशी वहिनी थांबली. मी पलीकडे खोके उघडून उभी होते, तिथूनही मला तो डाग दिसत होता. तपकिरी, तळहाताएवढा, डाव्या काठाला.

वहिनी म्हणाली, "मावशी, ही बघा."

मावशीने बघितली. काय झालं, म्हणाली, स्वच्छ आहे की. वहिनीने काही न बोलता तिचं बोट धरलं आणि डागावर नेऊन ठेवलं. मावशीने मान वळवली, आणखी वळवली, कोंबडी दाणा बघते तशी तिरपी केली, आणि मग तिला तो दिसला. दिवा बारीक आहे, ती म्हणाली. वहिनी म्हणाली, दिवा नवा आहे, मीच बदलून घेतला. कालची घाई होती, मावशी म्हणाली. वहिनी म्हणाली, कालचंच नाही हे, पुष्कळ दिवसांचं आहे. रोज सकाळी येऊन मी तुमच्या चादरी बघते. तुम्हाला डाव्या बाजूचं दिसत नाही. ट्रॉल्या मी म्हणूनच हलवल्या. मावशी, तुम्ही त्या नव्या विभागात जाऊ नका.

मग ती गप्प बसली. स्टूल ओढून त्यावर बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. मी बघत होते, हात तिने बाहेर काढले नाहीत.

मला वाटलं, आता मावशी रडेल, नाहीतर चादर तोंडावर फेकून मारील. तिने चादर नीट उचलली, डागाच्या ढिगात टाकली.

"तू सगळ्यांचंच उचकतेस," ती म्हणाली. "मला वाटलं, तुझी खोड आहे. मला कसं कळणार माझंच काही चुकतंय?"



"मी तुला ओरडले होते," मावशी म्हणाली. "तू मला का नाही ओरडलीस?"

आणि ती वळली आणि चालायला लागली. डावीकडे आता ट्रॉली नव्हती, तरी जिथे ती असायची तिथे मावशीने हात पुढे करून चाचपून बघितलं. ते बघून मात्र मलाच रडू फुटलं, आणि मी काही रडणारी बाई नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे आम्ही दोघी तिला घेऊन गेलो. ती आमच्याशी एक अक्षर बोलली नाही, पण आली. डॉक्टरने दोन-तीन मशिनींतून बघितलं आणि काचबिंदू आहे म्हणाला. त्यात नजर कडेकडेने खाल्ली जाते, म्हणाला, दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला कळतच नाही. औषधाचे थेंब घातले तर उरलंय ते टिकेल. गेलं ते आता येणार नाही. वर सहज विचारावं तसं त्याने विचारलं, बरोबरच्या कुणाच्या लक्षात आलं नाही का, धडकताहेत, चुकताहेत? दोन वर्षं आधी आणलं असतंत तर पुष्कळ वाचलं असतं.

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. समोरच्या टेबलावर मासिकं वेडीवाकडी पडली होती. तिने त्यांना हात लावला नाही. मला त्या क्षणी तिचा इतका राग आला होता आणि तिची इतकी दया येत होती, की मीच ती मासिकं सारखी केली.

शेडमध्ये येऊन ती सरळ 'एक मिनिट'च्या खोलीत गेली. त्याने बोट वर केलं. ती म्हणाली, साहेब, आज नाही, आज फोन ठेवा. मावशीच्या टेबलाची तक्रार का नव्हती ते तिने सांगितलं. आतून त्याचा आवाज आम्हाला मशिनींच्या वर ऐकू आला, आणि ते अवघडच. ही नोकरी तुझी राहते का बघतो, असंही म्हणाला. पण दोन दिवसांनी निवळला. वहिनीला समज देऊन तिथेच ठेवलं, नव्या विभागात दुसऱ्या बाईला पाठवलं. मावशीला घरी बसवायचं त्याच्या मनात होतं. त्यावर वहिनी त्याच्याशी जी भांडली, तशी मी तिला कधी भांडताना बघितलेली नाही. अभ्र्यांच्या घडीला डोळे किती लागतात साहेब, तिथे हात लागतात, असं म्हणाली. मग मावशी घडीच्या टेबलावर आली.

आली, पण वहिनीशी बोलेना. आमच्याशी बोलायची, काकांशी बोलायची, वहिनी जवळ आली की तोंडाला कुलूप. वहिनी घरी वेड्यासारखी वागायची. पण एक गोष्ट मी बघितली, ती सांगते. भाचीने पुन्हा एकदा शाळेचं काहीतरी करायला घेतलं होतं, पुठ्ठ्याची होडी. होडी एका बाजूला कलत होती. वहिनी तिच्या मागे उभी राहिली, हात पुढे गेले, मागे आले. मग म्हणाली, ही बाजू जड झालीय, बघ. पोर म्हणाली, मग तू कर ना. नाही, म्हणाली, तू कर. पोरीने भोकाड पसरलं. भाऊ म्हणाला, एवढं काय, करून दे की. तरी तिने केली नाही. होडी कललेलीच शाळेत गेली आणि पोरीने ती कललेलीच सगळ्यांना दाखवली.

मावशी घडीला बसून बरेच दिवस झाले होते. एका दुपारी अभ्र्यांचा मोठा ढीग आला. मावशी एकेक घ्यायची, हनुवटीखाली धरायची, दुमडायची, टेबलावर थापटायची. तिच्या डाव्या बाजूला वहिनी उभी होती, म्हणजे मावशीला दिसत नव्हती. एक घडी वाकडी पडली. कोपरा बोटभर बाहेर. मला दिसलं, वहिनीलाही दिसलं. वहिनीचा हात निघाला. मी बघतच राहिले. तो हात अभ्र्यापर्यंत गेला, आणि तिथेच थांबला, आणि तिने तो दुसऱ्या हाताने धरून मागे नेला.

मावशीने मान वळवली नाही. म्हणाली, "कोण, तूच ना गं? तुझा श्वास कळतो मला. गप्प का? वाकडी आहे का?"

मला तर ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"वाकडी आहे," वहिनी म्हणाली. "डावा कोपरा."

मावशीने बोटाने कोपरा शोधला. सापडला. तिने अभ्रा उलगडला, झटकला आणि स्वतःच्या हाताने पुन्हा घडी घातली, सावकाश, काठाला काठ लावून. वहिनी मागे हात धरून उभीच.

"आता?" मावशी म्हणाली.

"आता सरळ आहे."

"मग जा तुझ्या कामाला," मावशी म्हणाली, आणि पुढचा अभ्रा उचलला.